साखरेला आठवण असते

‘साखर थोडी वाढलीय म्हणतात, पण मला त्रास काहीच नाही. मग गोळी कशासाठी?’ सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न रोज ऐकू येतो. पन्नास वर्षांपूर्वी तो डॉक्टरांनाही पडलेला होता. साखर उतरवली तर पुढे डोळे, मूत्रपिंडे आणि हृदय वाचते का, याचे खात्रीचे उत्तर नव्हते. उलट १९७० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात टोल्ब्युटामाइड ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त दिसले आणि गोंधळ वाढला.

या प्रश्नाचा छडा लावण्यात ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घातली, ते ऑक्सफर्डचे डॉ. रॉबर्ट टर्नर. १९७७ मध्ये त्यांनी ‘युकेपीडीएस’ हा अभ्यास सुरू केला. ब्रिटनमधील २३ रुग्णालयांतून नुकताच टाइप-२ मधुमेह सापडलेले ५,१०२ रुग्ण त्यात आले. त्यांत सुमारे दहा टक्के भारतीय उपखंडातील वंशाचे होते. आधी तीन महिने सर्वांना आहाराचा सल्ला. त्यानंतर सोडत काढावी तशी विभागणी. काहींना मुख्यतः पथ्यावर ठेवले, तर काहींना गोळ्या किंवा इन्शुलिन देऊन साखर काटेकोर ठेवण्याचा प्रयत्न झाला. वजन जास्त असलेल्यांपैकी ३४२ जणांच्या वाट्याला मेटफॉर्मिन आले.

मधुमेहाचे दुष्परिणाम सावकाश येतात, म्हणून उत्तरही सावकाशच मिळणार होते. फरक स्पष्ट दिसेना, तेव्हा अभ्यासाची मुदत वाढवली गेली. सुरुवात झाल्यापासून एकवीस वर्षांनी, सप्टेंबर १९९८ मध्ये बार्सिलोनाच्या परिषदेत निकाल मांडले गेले.

काटेकोर उपचारांच्या गटात एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, सरासरी ७.० होता. दुसऱ्या गटात तो ७.९ होता. एवढ्याशा फरकाने डोळे, मूत्रपिंडे यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन घेणाऱ्या स्थूल रुग्णांत मृत्यूंचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी होते. ज्यांना उच्च रक्तदाबही होता, त्यांचा दाब नीट आटोक्यात ठेवल्यावर पक्षाघात ४४ टक्क्यांनी घटले. हृदयविकाराचे झटके मात्र काटेकोर साखरेने कमी झाले, असे त्या वेळी ठामपणे म्हणता येईना. आकडा खात्रीच्या उंबरठ्यावरच अडला होता. शिवाय काटेकोर उपचारांत वजन वाढणे आणि साखर एकदम खाली जाणे हे धोकेही दिसले.

आणखी एक गोष्ट पुढे आली, ती रुग्णांचे ओझे हलके करणारी आहे. उपचार कोणताही असो, वर्षे जातील तशी स्वादुपिंडाची इन्शुलिन बनवण्याची ताकद घटत जाते. गोळ्या वाढल्या म्हणजे पथ्य मोडले, असे दर वेळी नसते. अनेकदा तो आजाराचाच स्वभाव असतो.

निकालानंतर वर्षभराच्या आतच, ऑगस्ट १९९९ मध्ये डॉ. टर्नर यांचे अचानक निधन झाले. त्यांचे सहकारी डॉ. रुरी होल्मन यांनी त्या रुग्णांचा मागोवा सोडला नाही. अभ्यास संपल्यावर वर्षभरातच दोन्ही गटांची साखर सारखी झाली होती. तरीही २००८ मध्ये, दहा वर्षांच्या नोंदी जुळवल्या तेव्हा ज्यांनी सुरुवातीला साखर जपली होती, त्यांच्यातले बारीक रक्तवाहिन्यांचे विकार अजूनही कमीच होते. गोळ्या-इन्शुलिनच्या गटात हृदयविकाराचे झटके १५ टक्क्यांनी, मेटफॉर्मिनच्या गटात ३३ टक्क्यांनी कमी भरले. १९९८ मध्ये उंबरठ्यावर अडलेले उत्तर आता घरात आले होते. ते पाहायला डॉ. टर्नर नव्हते.

शरीर सुरुवातीच्या वर्षांतली साखर विसरत नाही, असा याचा अर्थ. रक्तदाबाचा हिशेब मात्र रोखीचा निघाला. दाबातला फरक मिटला, तसा त्याचा फायदाही ओसरला. म्हणून रक्तदाबाची गोळी ‘आता बरे आहे’ म्हणून बंद करायची नसते.

आपल्याकडे मेटफॉर्मिन स्वस्त आहे, सरकारी रुग्णालयांतही मिळते. साखर किती खाली ठेवायची, हे वय आणि इतर आजार पाहून डॉक्टरांनी ठरवायचे असते. वृद्धांना फार काटेकोर लक्ष्य घातकही ठरू शकते. पण ज्याला मधुमेह नुकताच सापडला आहे आणि त्रास काहीच नाही, त्याच्या हाती सगळ्यात मोलाची वर्षे आहेत. या अभ्यासात नाव नोंदवलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या शरीरात आजाराच्या खुणा निदानाच्या दिवशीच सापडल्या होत्या. त्रास नाही, याचा अर्थ नुकसान नाही असा होत नाही. गोळी कशासाठी, याचे उत्तर इतकेच आहे.