घराचे रंग : सपरीचा निळा

छताच्या रंगाचा विचार या आठवड्यात करावयाचा, असे गेल्या लेखांकाच्या अखेरीस मी लिहिले होते खरे. परंतु मध्यंतरी अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले, आणि त्यातील प्रश्न माझ्या इतक्या जिव्हाळ्याचा निघाला की छताचे प्रकरण तूर्त तहकूब ठेवून हा सारा लेखांक त्या एका प्रश्नाच्या स्वाधीन करावा, असे मी ठरविले. पत्राचा मजकूर थोडक्यात असा : दिवाळीनंतर गावची मंडई आहे, रात्री नाटक आहे, लेकी-जावई आणि सोयरे मुक्कामाला येणार आहेत, सबब घराची रंगरंगोटी त्याआधी उरकली पाहिजे, मामाजींचा आग्रह असा की सपरीची भिंत पूर्वी होती तशीच निळी हवी, पेंटरने शेडकार्डावरचे तीन निळे लावून दाखविले, आणि मामाजींनी तिन्ही नापसंत केले. हा आपला निळा नव्हे, एवढेच ते म्हणतात. तर मग तो ‘आपला निळा’ कोणत्या कंपनीच्या कार्डावर सापडेल, अशी त्यांची पृच्छा आहे.

तो कोणत्याही कार्डावर सापडणार नाही, आणि मामाजींची नजर पूर्णपणे खरी आहे, असे माझे उत्तर आहे. त्याचा खुलासा मात्र सविस्तर करावा लागेल.

वर्षाचा रंग जाहीर करण्याची प्रथा आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. पँटोन या अमेरिकन संस्थेने २०२० सालासाठी ‘क्लासिक ब्लू’ निवडला आणि २०२६ सालासाठी ‘क्लाउड डान्सर’ नावाचा पांढरा. आपल्याकडे एशियन पेंट्सने २०२४ साठी ‘टेरा’ हा मातकट रंग पुढे केला. निळा, पांढरा आणि मातीचा, हे तिन्ही रंग एकाच भिंतीवर पाहावयाचे असतील तर सालेकसा किंवा देवरीच्या बाजूला एखाद्या जुन्या कवेलूच्या घरासमोर जाऊन उभे राहावे : खाली काव अथवा गेरूचा पट्टा, त्याच्यावर निळीची भिंत, आणि आत माजघरात छुईचा किंवा चुन्याचा शुभ्र हात. हे रंग कोणी फर्मान काढून आणलेले नव्हते. पट्टा लाल, कारण पावसाचे शिंतोडे आणि अंगणातील चिखल त्यावर दिसत नाही. माजघर पांढरे, कारण लहान खिडकीतून येणारा प्रकाश पांढऱ्या भिंतीवर दुणावतो. राहिला निळा. त्याची कैफियत सर्वांत रम्य आहे.

चुन्यात कालविली जाणारी नीळ ही बहुतेक ठिकाणी वनस्पतीपासून काढलेली नीळ नसते. कपड्यांना द्यावयाची जी निळी पूड किराणा दुकानात मिळते, तीच ती, आणि शास्त्राच्या भाषेत तिला अल्ट्रामरीन म्हणतात. निसर्गात हे द्रव्य लाजवर्दी दगडात आढळते. अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून तो दगड निघे, आणि त्याच्यापासून कुटून-धुऊन काढलेला रंग इतका मौल्यवान असे की युरोपातील चित्रकारांच्या करारनाम्यांत तो किती आणि कोणत्या प्रतीचा वापरावयाचा, हे कलमवार नमूद केले जाई. पुढे १७८७ साली जर्मन कवी गटे सिसिलीत पालेर्मोजवळ हिंडत असता चुन्याच्या भट्ट्यांच्या भिंतींवर जमलेले निळे थर त्याच्या दृष्टीस पडले, आणि तेथील लोक सजावटीच्या कामात लाजवर्दीऐवजी ते वापरीत असल्याचे त्याने नोंदवून ठेवले. चुन्याची भट्टी आणि हा निळा यांचे नाते असे जुने आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १८२४ साली फ्रान्समधील एका उद्योगसंवर्धक मंडळाने हा रंग कृत्रिम रीतीने, किलोला ३०० फ्रँकांहून अधिक खर्च न येता, तयार करणाऱ्यास ६००० फ्रँकांचे पारितोषिक जाहीर केले. १८२८ साली ते झाँ-बातीस्त गीमे याला मिळाले, आणि त्याच वर्षी ट्यूबिंगनच्या ख्रिस्तियान ग्मेलिनने आपली स्वतंत्र कृती प्रसिद्ध केली. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र करून भट्टीत तापविणे, हे त्या कृतीचे सार. गंधकाचे तीन-तीन अणू त्या मातीच्या सूक्ष्म पिंजऱ्यात कोंडले जातात आणि तोच निळेपणा आपल्याला दिसतो. जो रंग राजेरजवाडे तोलून घेत, तो अशा रीतीने धानाच्या शेतकऱ्याच्या सपरीपर्यंत काही पैशांच्या पुडीतून येऊन पोचला.

आता हा रंग चुन्यातच का शोभतो ते पाहू. चुना तीव्र क्षारधर्मी असतो, आणि त्याच्या संगतीत टिकणारे रंग मोजकेच. काव, गेरू, पिवडी या लोहयुक्त मात्या टिकतात, आणि निळ्यांपैकी अल्ट्रामरीन उत्तम टिकतो. प्रशियन ब्लू नावाचा दुसरा प्रसिद्ध निळा चुन्यात घातला तर विघटन पावून मातकट होतो. शिवाय चुना हा रंगासारखा वाळत नाही. भिंतीवर लावल्यावर हवेतील कर्बवायू शोषून घेत घेत तो पुन्हा चुनखडीचा दगड बनतो, आणि निळीचे कण त्या बारीक स्फटिकांच्या आत धरले जातात. प्रकाश भिंतीच्या पृष्ठभागावरून नुसता परतत नाही. तो त्या स्फटिकांत शिरतो, विखुरतो आणि निळीला स्पर्श करून बाहेर येतो. म्हणून चुन्याची निळी भिंत जरा ढगाळ, ठिकठिकाणी उणी-अधिक, आणि तरीही उजळ दिसते. डब्यातील इमल्शनमध्ये हेच काम प्लास्टिकच्या जातीचे बंधकद्रव्य करते, आणि त्याचा सलग पापुद्रा भिंतीवर बसतो. एकसारखेपणा हा त्याचा गुण आहे, आणि मामाजींच्या दृष्टीने तोच त्याचा दोषही आहे.

दुसरे कारण दुकानातील यंत्रात आहे. कार्डावरचा निळा मिसळताना यंत्र बहुधा थॅलोसायनिन जातीचा निळा वापरते. हा रंग १९३५ च्या सुमारास बाजारात आला. अत्यंत तेजस्वी आणि टिकाऊ, परंतु त्याची प्रवृत्ती हिरव्याकडे. अल्ट्रामरीनची प्रवृत्ती जांभळ्याकडे. दुकानातील ट्यूबलाइटखाली दोन्ही जुळल्यासारखे भासतात आणि घरी उन्हात नेताच वेगळे पडतात. त्यातून आमच्या जिल्ह्यातील सपरीचा प्रकाश पाहा : वर कवेलूची खोल वळचण, समोर शेणाने सारवलेले अंगण, आणि अंगणापलीकडे आश्विनात पिवळा पडू लागलेला धान. सपरीत येणारा उजेड सूर्याचा थोडा आणि या अंगणा-धानावरून परतलेलाच अधिक, म्हणून तो पिवळसर, ऊबदार असतो. अशा उजेडात हिरव्याकडे झुकणारा निळा मळकट दिसतो आणि जांभळ्याकडे झुकणारा स्वच्छ राहतो. कार्ड बनविणाऱ्याने हा प्रकाश पाहिलेला नसतो. मामाजींनी तो जन्मभर पाहिला आहे.

तेव्हा करावे काय? येथे भिंत कशाची आहे हा प्रश्न निर्णायक ठरतो, आणि पत्रात नेमका तोच तपशील नाही. भिंत मातीची, तणीस आणि कोंडा मिसळून छाबलेली असेल, तर तिच्यावर पुट्टी आणि इमल्शन चढविण्याची तजवीज कृपा करून थांबवावी. आमच्याकडे पाऊस मुबलक, त्यात शेजारी बोडी किंवा बांधी असली म्हणजे जमिनीतून ओल भिंतीत चढतेच. चुन्याच्या थरातून ती बाहेर पडते, प्लास्टिकच्या थरामागे ती अडते, आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटू लागतात. नव्या सिमेंटच्या घरकुलांची गोष्ट निराळी, त्यांच्याविषयी पूर्वी लिहिले आहे.

चुना कालविण्याचा दस्तूर सरकारी दप्तरातही नमूद आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या विनिर्देशांबरहुकूम १ किलो कळीच्या चुन्याला सुमारे ५ लिटर पाणी, चोवीस तास मुरवण, मग जाड्या कापडातून गाळणे आणि गरम पाण्यात विरघळविलेला डिंक घालणे. आणि पांढऱ्या सफेदीसाठीसुद्धा किलोमागे ३ ग्रॅमपर्यंत नीळ, कारण चुन्यातील किंचित पिवळसरपणा तेवढ्याने मरतो. निळ्या भिंतीसाठी नीळ अर्थातच पुष्कळ अधिक लागते. पण अतिरेक झाला तर चुना तिला धरू शकत नाही आणि टेकणाऱ्याची पाठ निळी होते. एका भिंतीचे सारे मिश्रण एकाच वेळी कालवावे, कारण दुसऱ्या घाण्याचा रंग पहिल्याशी जुळत नाही. भिंत आधी पाण्याने भिजवावी, हात पातळ द्यावेत, तीन द्यावेत, आणि भर उन्हात देऊ नयेत. ओला हात गडद दिसतो म्हणून घाबरून जाऊ नये, वाळल्यावर तो पुष्कळ फिका होतो. म्हणूनच आधी कोपऱ्यात हातभर जागेवर नमुना लावून दोन दिवस वाट पाहणे इष्ट. कळीचा चुना विरविताना उकळतो आणि डोळ्यात गेल्यास गंभीर इजा करतो, ही बाब मुलेबाळे असलेल्या घरात विसरू नये.

आणि भिंतीवर पूर्वीच इमल्शन बसलेले असेल, तर त्यावर चुना धरणार नाही. अशा वेळी चकाकी नसलेला मॅट रंग घ्यावा, दुकानदारास हिरव्याऐवजी जांभळ्याकडे झुकणारा निळा मिसळावयास सांगावे, आणि तो दोन फूट लांबी-रुंदीच्या पाटीवर लावून ती पाटी सपरीत सकाळी, तिसऱ्या प्रहरी आणि रात्री दिव्याखाली मामाजींना दाखवावी. सारखा नव्हे, पण जवळचा रंग मिळेल. पुण्या-मुंबईच्या सदनिकांत हल्ली ‘लाइमवॉश’ या नावाने चुन्याच्या उण्या-अधिक छटेची भिंत मुद्दाम, चांगले पैसे मोजून करून घेतात; त्या प्रकारचे तयार रंगही मिळतात, पण घरी चुना कालवता येत असताना मी त्यांची शिफारस करणार नाही.

जुनी भिंत खरोखर निळीचीच होती की आणखी कशाची, हेही ठरविता येते. तिचा एखादा पोपडा कोठे दाराआड शिल्लक असेल तर तो काचेच्या वाटीत भरपूर लिंबाच्या रसात टाकून रात्रभर ठेवावा. बुडबुडे आले तर चुना आहे. आम्लाने अल्ट्रामरीनचा रंग उडतो आणि गंधकाचा किंचित दर्पही येतो. तेव्हा निळा फिका पडला तर ती किराणा दुकानातलीच नीळ समजावी. निळा तसाच राहिला तर रंग दुसऱ्या जातीचा आहे. वाटीत काय दिसले आणि भिंत कशाची आहे, एवढे दोन्ही कळविल्यास नीळ किती घालावी याचा अंदाज मी टपालाने पाठवीन, मंडईला अजून अवकाश आहे. छताचे प्रकरण पुढील आठवड्यात घेऊ.