गुळवेल कोणती? फळ बघून सांगतो

मागच्या सुट्टीत मी बंगळूरला, राजाजीनगरमध्ये मावशीकडे गेलो होतो. आजी सध्या तिथेच असते. रोज सकाळी ती कंपाउंडच्या भिंतीवरच्या वेलीची कांडी तोडून, ठेचून काढा करून घेते. ही वेल शेजारच्या काकूंनी 'अमृतबळ्ळी' म्हणून दिली होती. अमृतबळ्ळी म्हणजे कानडीत गुळवेल. त्या काकू आता घर बदलून गेल्या. आजी मला म्हणाली, "तू सायन्सवाला ना, बघ बरं हीच का ती." मी पानं बघून लगेच "हो" म्हणालो. विड्याच्या पानासारखी पानं, झाडाला धरून चढणारी खोडं, झालं!

ही माझी चूक होती. तशी पानं असलेल्या वेली पुष्कळ आहेत. शिवाय सावलीतलं पान मोठं आणि उन्हातलं लहान, असा एकाच वेलीच्या पानांत फरक पडतो. फळ आणि बी इतकी बदलत नाहीत. कपाळफोडीचं फुग्यासारखं फळ फोडलं की काळ्या बीवर पांढरा बदाम दिसतोच. गुंजेची लाल बी आणि तिचा काळा डोळा तर सगळ्यांना माहीत आहे.

गुळवेलीच्या बाबतीत हे महत्त्वाचं का? कोरोनाच्या काळात घरोघरी काढे सुरू झाले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झालेली आढळली होती. त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की खरी गुळवेल, म्हणजे टायनोस्पोरा कॉर्डिफोलिया, सुरक्षित आहे, पण तिच्यासारखी दिसणारी टायनोस्पोरा क्रिस्पा घातक ठरू शकते. कोणाचं बरोबर हे मी ठरवू शकत नाही. पण आजीच्या पेल्यात कोणती वेल आहे, एवढं तरी कळायला हवं होतं.

मंत्रालयाने दोघींमधले फरकही सांगितले आहेत. क्रिस्पाच्या खोडावर मोठ्या गाठी असतात आणि तोडल्यावर दुधासारखा चीक येतो. पण गुळवेलीच्या जून खोडावरही बारीक पुळ्या असतात, त्यामुळे नवशिक्याचा गोंधळ होतो. फळात मात्र गोंधळ नाही. गुळवेलीचं फळ लाल आणि चेंडूसारखं गोल, क्रिस्पाचं नारिंगी आणि रग्बीच्या बॉलसारखं लांबट. आपल्या शाळेत हे कोणी विसरणार नाही!

मावशीच्या वेलीवर एकही फळ नव्हतं. पण कोपऱ्यावरच्या कडुनिंबावर एक वेल चढली होती आणि तिला लाल घोस लागले होते. मी खाली पडलेली फळं उचलून आणली. फळ वाटाण्याएवढं होतं. एका देठावर दोन-तीन फळं एकत्र होती, कारण मादी फुलात तीन सुटे भाग असतात आणि प्रत्येकाचं वेगळं फळ होऊ शकतं. चिकट गर धुतल्यावर आत एक टणक आठळी निघाली. मावशीच्या अडकित्त्याने ती फोडली (मावशीला हे अजून माहीत नाही). आतली बी वाकलेली होती, चंद्रकोरीसारखी. या कुळातल्या वेलींची ही खूणच आहे, म्हणून इंग्रजीत या कुळाला चंद्रबीचं कूळ म्हणतात. वासनवेल याच कुळातली. तिच्या जांभळ्या फळातली आठळी बाहेरूनच घोड्याच्या नालासारखी दिसते. काकमारीही यातलीच. तिची पानंही विड्याच्या पानासारखी, पण बी विषारी. तिने पूर्वी मासे गुंगवून पकडत.

म्हणजे चंद्रकोर दिसली तर कूळ कळतं, पण वेल प्यायला चांगली आहे हे कळत नाही. त्यासाठी फळाचा रंग आणि आकार बघावा लागतो.

मग मावशीच्या वेलीचं काय? गुळवेलीत नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी असते. फळं फक्त मादीला लागतात. कांडी लावून वाढवलेली वेल ही मूळ वेलीसारखीच नर किंवा मादी होते. काकूंची वेल नर असेल, तर भिंतीवरच्या वेलीला कधीच फळ येणार नाही. अशा वेळी फुलं बघायची. गुळवेलीच्या बारीक फुलाला सहा पाकळ्या असतात, क्रिस्पाच्या फुलाला तीन. फुलं बहुतेक पानं गळल्यावर येतात, तेव्हा माझी सुट्टी संपलेली असणार.

आजी म्हणाली, "मग त्या कडुनिंबावरचीच आण, लिंबावरची गुळवेल उत्तम." पण त्या झाडाखाली दिवसभर रिक्षा उभ्या असतात, म्हणून मावशीने साफ नाही म्हटलं. शेवटी फुलं येईपर्यंत काढा बंद, असं ठरलं. आजी दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

निघताना मी माझं भिंग मावशीकडे ठेवून आलो. मागच्या रविवारी फोनवर आजीच म्हणाली, "पानं पिवळी पडायला लागलीत रे."