लेबलावरचा वास आणि धुण्याचा दगड

माझा पुतण्या गंगावेशीतल्या तालमीत जातो. लाल मातीतली कुस्ती लंगोटावरच होते, पण पहाटेच्या धावण्यासाठी त्याने गेल्या वर्षी ‘दुर्गंधीरोधक’ असं छापलेला पॉलिस्टरचा टी-शर्ट आणला. पावसाळ्यात वहिनींनी तो घरात वाळत घालायला साफ नकार दिला. माझी उमेदीची वर्षं कापडावरच्या रसायनांत गेली, म्हणून तक्रार माझ्याकडे आली : “काका, लेबलवर तर लिहिलंय की! मग वास कशाचा?”

घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. काखेतला स्राव त्वचेवरचे जिवाणू मोडतात, त्यातून उग्र वासाची आम्लं आणि गंधकाची संयुगं निघतात. सुती धागा पाणी पोटात घेतो. पॉलिस्टर पाणी घेत नाही, अंगातला तेलकटपणा मात्र घट्ट धरतो, आणि वासाची बरीच द्रव्यं त्या तेलकटपणातच मुरतात. बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली 26 जणांचे व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले. सुतीपेक्षा पॉलिस्टरचे जास्त वास मारत होते, आणि मायक्रोकोकस हे जिवाणू कृत्रिम धाग्यावर विशेष वाढलेले होते.

त्यावर उपाय म्हणून कापडाला शेवटचं ‘फिनिश’ देतात. इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसमध्ये ही क्रिया कुणालाही पाहता येईल : कापड द्रावणातून जातं, दोन रोलरांत पिळलं जातं, मग स्टेंटरच्या गरम हवेत वाळून पक्कं होतं. द्रावणात चांदीचे कण असतात, किंवा झिंक पायरिथिऑन, किंवा धन विद्युतभाराची अमोनियम संयुगं. कधी सायक्लोडेक्स्ट्रिन, जे जिवाणूंना हात न लावता वासाचे रेणूच आपल्या पोकळीत अडकवतं. हे सगळं धाग्यावर बसवणं हेच खरं कठीण काम. कापसाच्या रेणूला रसायनाने हात धरावा अशा जागा भरपूर असतात. पॉलिस्टरला त्या जवळजवळ नाहीत. म्हणून बाइंडर, म्हणजे एक प्रकारची खळ, वापरावी लागते. खळ सुटली की चांदीही गेली.

चांदीचं आणखी एक आहे. ती काम करते ती आयन सोडूनच, म्हणजे स्वतः झिजून. अमोनियम संयुगं उलट धाग्याला चिकटून राहतात, पण साबणाचा भार ऋण, त्यांचा धन. दोघं एकमेकांना बिलगतात आणि रसायन कापडावर असूनही निकामी होतं. मळाचा थर बसला तरी तेच. ‘टिकलं’ आणि ‘चाललं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लेबल त्यांतली कुठली सांगतं हे कुणी विचारत नाही.

‘20 धुण्यांपर्यंत’ हा आकडा बहुधा प्रयोगशाळेतला. एका प्रचलित अमेरिकी पद्धतीत कापडाचा तुकडा पोलादी गोळ्यांसह 49 अंशांच्या साबणपाण्यात 45 मिनिटं फिरवतात, आणि ती पाच घरगुती धुणी धरतात. म्हणजे 20 धुणी तीन तासांत! त्यात सोड्याची वडी, ब्रश आणि दगडावरची धोपटणी नाही. पुढे मोजतात ते ठरावीक जिवाणू किती मेले; वास हुंगून पाहणाऱ्या चाचण्या आहेत, पण त्या फार कमी होतात.

निघालेलं जातं कुठे, हा प्रश्न पंचगंगेकाठच्या माणसाला टाळता येत नाही. 2008 साली अमेरिकेत चांदीयुक्त मोजे पाण्यात घुसळून पाहिले, तर काही मोज्यांची जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांतच उतरली. काहींची एक टक्काही नाही. फिनिश नीट बसवलं की नाही, यावर इतका फरक पडतो. सांडपाण्यात बरीचशी चांदी सल्फाइड होऊन गाळात बसते, हे खरं. पण तो गाळही कुठेतरी टाकावाच लागतो. इथली नदी आधीच पुरेसं सोसते आहे.

पुतण्याला मी सांगितलं, घामेजला शर्ट पिशवीत कोंबून ठेवू नकोस, उलटा करून लगेच धू, कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नकोस कारण त्याचाही थर बसतो, आणि ऊन मिळेल तेव्हा उन्हात टाक. त्याने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून दोन सुती गंज्या आणल्या. तो टी-शर्ट आता मोटारसायकल पुसायला आहे.