संस्था चालू आहे, पण कागदावर?

गावचे वाचनालय, देवस्थान, शाळा चालवणारे मंडळ, वृद्धाश्रम अशा संस्था कोणाच्या तरी तळमळीने उभ्या राहतात. त्या अडचणीत येतात त्या मात्र पुष्कळदा एखादा साधा कागद वेळेवर न दिल्यामुळे. आज त्या कागदांविषयी थोडे बोलू.

महाराष्ट्रात अशा संस्थांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू आहे. पूर्वी त्याच्या नावात ‘मुंबई’ होते, आता ‘महाराष्ट्र’ आहे. आपल्याकडची बरीच मंडळे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली असतात. त्यांच्याकडे दोन प्रमाणपत्रे असतात आणि दोन्हींची बंधने त्यांना पाळावी लागतात.

नोंदणी झाली की धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत संस्थेचे एक पान तयार होते. विश्वस्तांची नावे, पत्ता, स्थावर-जंगम मालमत्ता असा तपशील त्यात असतो. यातले काहीही बदलले, तर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. निवडणूक झाली, कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, जमीन दान मिळाली, या प्रत्येक वेळी हे करायचे असते.

नेमके हेच राहून जाते. समजा, एका मंडळाने पंधरा वर्षांत तीन कार्यकारिणी निवडल्या, पण एकही बदल अर्ज दिला नाही. नोंदवहीत जुनीच नावे राहिली आणि त्यातले काही जण आज हयात नाहीत. आता बँक सह्या बदलायला नोंदवहीचा उतारा मागते. अनुदानाच्या अर्जालाही तोच उतारा लागतो. त्यात दुसरा गट उठून म्हणतो, ‘खरे विश्वस्त आम्हीच.’ मग शिक्षकांचे पगार, विद्यार्थ्यांचे प्रवेश सारेच टांगणीला लागते.

बदल अर्ज म्हणजे नुसता फॉर्म नव्हे. त्यावर चौकशी होते, हरकती ऐकल्या जातात. सभेची नोटीस घटनेत दिलेल्या मुदतीत सर्व सभासदांना मिळाली का, गणसंख्या होती का, इतिवृत्त लिहिले आहे का, हे पाहिले जाते. म्हणून नोटीस पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रे सभेच्या वेळीच फाईलला लावावीत. दहा वर्षांनी ती सापडत नाहीत.

दुसरी गोष्ट हिशेबाची. हिशेबाचे वर्ष साधारणपणे ३१ मार्चला संपते. त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, लेखापरीक्षण पूर्ण व्हायला हवे आणि अहवाल धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. ‘आमचा व्यवहार तो केवढा!’ असे म्हणून वर्षे जाऊ देऊ नयेत. आयकर खात्याची नोंदणी आणि विवरणपत्र यांचा धर्मादाय कार्यालयाशी संबंध नाही. एकीकडे कागद दिला म्हणून दुसरीकडचे काम होत नाही. आयकराची नोंदणी आता मुदतीची असते. मुदत टळली तर देणगीदारांना मिळणारी सवलतही धोक्यात येते.

तिसरी गोष्ट मालमत्तेची. संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची, गहाण टाकायची, तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन १० वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन वा इमारत ३ वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची असली, तरी तोच नियम आहे. सगळे विश्वस्त एकमताने तयार आहेत, एवढे पुरत नाही. कारण मालमत्ता विश्वस्तांची नाही, ज्यांच्यासाठी संस्था काढली त्यांची आहे.

मागचे राहून गेले असेल, तर निराश होऊ नका. उशिराचे सबळ कारण देऊन विलंबमाफी मागता येते. आधी आपल्या संस्थेच्या नोंदवहीचा उतारा काढा. त्यावर आज कोणाची नावे आहेत ती वाचा आणि सर्वांत जुन्या राहिलेल्या बदलापासून क्रमाने अर्ज द्या. जुन्या कार्यकारिणीतली माणसे सह्या करायला आपल्यात आहेत, तोवरच हे काम सोपे आहे.