रुमाल उघडला, लिपी लागेना

गेल्या वैशाखात आमच्या धाकट्या पुतण्याचे लग्न सोयगावी यथासांग पार पडले. चित्रण करणाऱ्या पाचोऱ्याच्या शूटिंगवाल्याने, पैशांचा अखेरचा हप्ता हाती पडल्यावर, अंगठ्याएवढा एक पेनड्राइव्ह पुतण्याच्या स्वाधीन केला. आणि त्याच रात्री, जेवणे उरकून, शेजारच्या चार घरांतील मंडळींना आवर्जून बोलावून, आमचे सारे कुटुंब बैठकीतल्या सतरंजीवर स्थानापन्न झाले असता, बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या आमच्या टीव्हीने त्या पाहुण्याची ओळखच नाकारली. पुतण्याने तो लॅपटॉपला लावून पाहिला, तर तेथे सर्व काही आलबेल. मग त्यातील फाईल घरातल्या जुन्या पेनड्राइव्हवर उतरवू पाहिली, तर तेथे अठ्ठावीस गीगाबाइट जागा मोकळी असूनही दहा गीगाबाइटांच्या त्या फाईलीस 'आकार फार मोठा' या सबबीवर प्रवेश मिळेना. अखेरीस तो जुना पेनड्राइव्ह पुसून, निराळ्या पद्धतीने आखून, त्यात फाईल भरून टीव्हीला लावली, तेव्हा पडद्यावर तिचे नाव उमटले, सनईचे सूर बैठकभर पसरले, आणि पडदा मात्र अमावास्येसारखा काळा तो काळाच राहिला.

"काका, आवाज येतोय, पण पिच्चर काही लागंना," पुतण्या म्हणाला. वहिनी उठून चहा ठेवायला गेल्या.

एकाच फाईलीने एका रात्रीत तीन वेळा असहकार पुकारला, आणि तिन्ही वेळी कारणे निराळी होती. परंतु घरोघरी या सर्व कारणांची नोंद 'फाईल खराब आहे' या एकाच सदरात होते आणि निरपराध फाईल पुसून टाकली जाते, म्हणून हा प्रपंच.

पहिल्या दोन अडचणी चित्राच्या नव्हत्याच, त्या जागेच्या आखणीच्या होत्या. शिवारात कोणता गट कोठे संपतो हे जसे तलाठ्याच्या दप्तरावाचून सांगता येत नाही, तसे पेनड्राइव्हवर कोणती फाईल कोठून कोठपर्यंत आहे हे त्याच्या आखणीवाचून यंत्रास कळत नाही. यातील जवळजवळ प्रत्येक यंत्रास ठाऊक असलेली आखणी म्हणजे १९९६ साली आलेली फॅट३२. तिच्या नोंदवहीत फाईलीचा आकार लिहिण्याचा रकाना ३२ द्विमान अंकांपुरताच रुंद ठेवलेला असल्यामुळे ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे सुमारे चार गीगाबाइट, यापेक्षा मोठा आकडा त्यात मावतच नाही; घर मोकळे असले तरी दाराच्या उंचीपुढे इलाज चालत नाही. २००६ साली आलेल्या एक्सफॅट आखणीत हा अडसर नाही, पण जुन्या टीव्हींना तिचा परिचय नाही, आणि शूटिंगवाल्याचा नवा पेनड्राइव्ह नेमका तिचाच होता. आमच्या टीव्हीला एनटीएफएस ही तिसरी आखणी वाचता येत होती म्हणून निभावले. ज्यांच्या टीव्हीला तीही वाचता येत नाही त्यांनी फाईलीचे तुकडे करावेत हे उत्तम.

तिसरी अडचण खरी. ती समजण्यास आमच्या भागातील माणसाला दूर जावे लागत नाही, कचेरीच्या अभिलेखकक्षापर्यंत गेले की पुरे. जुने सरकारी कागद रुमालात बांधलेले असतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. रुमालावर चिठ्ठी असते, चिठ्ठीवर मजकुराचा प्रकार असतो. पण आतील कागद कोणत्या लिपीत आहे याची हमी रुमाल देत नाही. आमच्या मराठवाड्यात तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी अंमल असल्याने मोडी आणि उर्दू यांचा शेजार दप्तरात नित्याचा. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कपाटे जागेवर होती, रुमाल होते, कागदही बहुतांशी शाबूत होते. अडले ते मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसांवाचून.

चित्रफितीच्या फाईलीचे अगदी असेच आहे. नावाच्या शेवटी जी तीन अक्षरे दिसतात, एव्हीआय, एमपी४, एमकेव्ही, ती रुमालाची नावे होत; तंत्रज्ञ त्यास कंटेनर म्हणतात. या रुमालात चित्राचा एक गठ्ठा, ध्वनीचा दुसरा, क्वचित उपशीर्षकांचा तिसरा असे वेगवेगळे कागद एकत्र बांधलेले असतात, आणि प्रत्येक गठ्ठा ज्या लिपीत लिहिला आहे तिला कोडेक हे नाव आहे. एव्हीआय हा रुमाल १९९२ साली मायक्रोसॉफ्टने विणला. एमपी४ची वीण अॅपलच्या क्विकटाइमवरून घेतलेली. आणि २००२ साली आलेल्या मात्रोस्का उर्फ एमकेव्हीचे नाव तर पोटात बाहुली, तिच्या पोटात आणखी बाहुली अशा रशियन खेळण्यावरून पडले, जे मला या साऱ्या रूक्ष नामावळीत एकमेव रसिक नाव वाटते. सबब 'माझा टीव्ही एमपी४ लावतो' हे विधान 'आमचे कारकून लाल रुमालातले कागद वाचतात' या विधानाइतकेच अर्धवट होय. आमच्या लग्नाच्या फाईलीचा रुमाल टीव्हीच्या ओळखीचा होता आणि ध्वनीची लिपीही. चित्राची लिपी मात्र त्याने जन्मात पाहिली नव्हती.

लिपी हवीच कशाला, चित्र आहे तसे का ठेवू नये, असा प्रश्न वहिनींनी चहाबरोबर विचारला, आणि तो रास्त होता. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे चित्र, प्रत्येक ठिपक्यास रंगाचे २४ अंक, सेकंदास २५ चित्रे, असा हिशेब मांडला तर एका मिनिटाच्या चित्रणास नऊ गीगाबाइटांहून अधिक जागा लागते. अक्षता पडेपर्यंतच पेनड्राइव्ह भरून वाहील. म्हणून संक्षेप करावा लागतो. त्याचे एक मूलतत्त्व, चित्राच्या लहान लहान चौकोनांचे लहरींत रूपांतर करून डोळ्यास न जाणवणारा तपशील गाळण्याचे, जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात आहे, आणि त्याचे लेखक आहेत बंगळुरात जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांचे सहकारी टी. नटराजन व के. आर. राव. दुसरे तत्त्व आपल्या खतावणीतले आहे. वरच्या ओळीतील मजकूर खालीही तोच असेल तर मुनीम पुन्हा लिहीत बसत नाही, 'कित्ता' लिहितो. मंडपाचा पडदा तासभर हलत नाही. तेव्हा कोडेक एक चित्र संपूर्ण लिहून पुढील कित्येक चित्रांत पडद्यापुरते कित्ता लिहितो आणि भटजींच्या हातांची हालचाल तेवढी नोंदवतो.

या कित्त्याची कला पिढ्यान्पिढ्या सूक्ष्म होत गेली. व्हीसीडीच्या काळातील एमपेग-१ने ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे चित्र एका तबकडीत जेमतेम ७४ मिनिटे मावविले, म्हणून त्या काळी प्रत्येक सिनेमा ऐन रंगात तबकडी बदलायला उठवीत असे. डीव्हीडीने एमपेग-२ आणली. २००३ सालची एच.२६४ इतकी यशस्वी ठरली की आज तिला यंत्रांची बालबोध म्हणण्यास हरकत नाही. २०१३ साली आलेली एच.२६५ उर्फ एचईव्हीसी त्याच दर्जासाठी साधारण निम्मी जागा घेते. आणि २०१८ची एव्ही१ त्याहून काटकसरी. परंतु संगणक नवी लिपी प्रोग्रॅमच्या रूपाने केव्हाही शिकू शकतो, तसे टीव्हीचे नाही: त्याचे वाचन एका चिपवर कोरलेले असते, आणि ज्या दिवशी ती चिप कारखान्याबाहेर पडली त्या दिवशी तिचे शिक्षण संपले. बारा वर्षांपूर्वीच्या आमच्या टीव्हीस एच.२६५ येत नव्हती. त्यातून शूटिंगवाल्याचा कॅमेरा प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १,०२४ छटा नोंदणारा, म्हणजे दहा-बिटी; ही एवढी श्रीमंती अनेक नव्या यंत्रांनाही पेलत नाही.

हे सारे कळले ते मीडियाइन्फो नावाच्या एका विनामूल्य साधनाने. फाईल त्यात टाकली की ते पंचनाम्याप्रमाणे सर्व हकीगत मांडते: रुमाल कोणता, चित्राची लिपी कोणती, बिट किती, सेकंदास चित्रे किती, ध्वनी कोणत्या लिपीत. माझे मत असे की टीव्हीशी झटापट करण्यापूर्वी हा पंचनामा करावाच; ज्यांनी केला नाही त्यांना मी फाईलीचे नावच बदलून, एमकेव्ही खोडून एमपी४ लिहून, चमत्काराची वाट पाहताना पाहिले आहे. चिठ्ठी बदलल्याने मोडीची बालबोध होत नाही. एक अपवाद मात्र प्रांजळपणे सांगतो. जुन्या कीर्तनाच्या व्हीसीडीवरील डॅट नावाच्या फाईलीच्या पोटात साधी एमपेग-१ असते, आणि शेवटी एमपीजी लिहिताच कित्येक यंत्रे ती मुकाट लावतात.

पंचनाम्यानंतर उपाय दोन, आणि त्यांतील भेद फार महत्त्वाचा. गेल्या सप्ताहातील काल्याचे कीर्तन गावातील एका मुलाने एमकेव्हीत साठविले होते आणि आमचा टीव्ही त्यास हात लावीना. पंचनाम्यात आत एच.२६४ आणि एएसी ध्वनी निघाले, दोन्ही ओळखीचे. तेव्हा कागदास न शिवता केवळ रुमाल बदलायचा होता. एफएफएमपेग या साधनास 'आहे तसे उतरव' एवढी आज्ञा दिली आणि दोन तासांचे कीर्तन दोन मिनिटांत, दर्जाला यत्किंचितही बाध न येता, एमपी४मध्ये आले. काही चित्रपटांत चित्र दिसते पण आवाज येत नाही, याचेही बहुधा असेच कारण असते: ध्वनी डीटीएस लिपीत असतो, आणि परवान्याच्या खर्चामुळे ती वाचण्याची सोय कित्येक टीव्हींत दिलेली नसते. तेथे चित्र तसेच ठेवून ध्वनी तेवढा एएसीत उतरवावा. पुष्कळ लोक अशा वेळी संपूर्ण फाईलच नव्याने लिहून काढतात, रात्रभर लॅपटॉप तापवतात आणि चित्र धूसर झाले म्हणून साधनास दोष देतात.

कारण लिप्यंतर म्हणजे नक्कल, आणि नकलेत काही गळतेच. अजिंठ्याची लेणी आमच्याच सोयगाव तालुक्यात. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४पासून तेथे राहून भित्तिचित्रांच्या नकला केल्या, त्यांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२पासून पुन्हा नकला केल्या, त्यांतीलही पुष्कळ १८८५च्या आगीत गेल्या. पुन्हा नक्कल शक्य झाली ती मूळ भिंत जागेवर होती म्हणून. शूटिंगवाल्याचा पेनड्राइव्ह आम्ही ज्या दिवशी मिळाला त्या अवस्थेत देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात ठेवला आहे, आणि त्यास टीव्हीने काय, कोणीही हात लावायचा नाही असा घरात हुकूम आहे.

देवनागरीची एक कैफियतही येथे नोंदवली पाहिजे. उपशीर्षकांची मराठी फाईल युनिकोडात नसली तर पडद्यावर इंग्रजी चिन्हांची रांगोळी उमटते, आणि असली तरी कित्येक टीव्ही जोडाक्षरे फोडून, पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे टाकून, वाचणाऱ्याचा अंत पाहतात. येथे उपशीर्षके चित्रातच कोरून घेणे हा एकच खात्रीचा मार्ग आहे.

रुमाल आणि लिपी यांची ही विसंगती संगणकाच्याच युगातली आहे असेही नाही. १९८७ साली माझ्या मेहुण्यांनी न्यू जर्सीहून मुलाच्या बारशाची व्हीएचएस कॅसेट धाडली होती. सोयगावात तेव्हा व्हीसीआर भाड्याने आणावा लागे. तो आणला, पन्नासेक माणसे जमली, आणि पडद्यावर बारशाऐवजी चित्राच्या आडव्या पट्ट्या वरून खाली लोळत राहिल्या. कॅसेट तीच, खोबण तीच, पण अमेरिकेची वीज ६० आवर्तनांची, तेथील दूरचित्र ५२५ रेषांचे आणि सेकंदास सुमारे तीस चित्रांचे. आपली वीज ५० आवर्तनांची, रेषा ६२५ आणि चित्रे पंचवीस. रुमाल एक, लिप्या दोन, हा पाठ तेव्हाच मिळाला होता. अशी कॅसेट आज कोणी संगणकावर उतरवून घेत असेल तर दुकानदारास एनटीएससी, म्हणजे ती अमेरिकी पद्धत, वाचणारा व्हीसीआर आहे काय हे आधी विचारावे, आणि सेकंदाची तीस चित्रे ओढूनताणून पंचवीस करू देऊ नयेत. आजच्या टीव्हीस दोन्ही सारखीच.

लग्नाच्या फाईलीस मात्र संपूर्ण लिप्यंतराखेरीज गत्यंतर नव्हते. लॅपटॉप केबलने थेट टीव्हीस जोडून व्हीएलसी या चित्रफीत लावणाऱ्या प्रोग्रॅमवर लावणे हा सोपा मार्ग करून पाहिला, पण आमचा लॅपटॉप वृद्ध, दहा-बिटी एच.२६५ वाचताना त्याचा श्वास लागे आणि नवरदेव सप्तपदीत दर पावलास थबके. म्हणून हँडब्रेक या लिप्यंतराच्या साधनात एच.२६४, आठ-बिटी, १०८० रेषा असे ठरवून रात्री काम लावले. पहाटे तीनला वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच निवर्तली होती. सकाळी अर्धवट तयार झालेली एमपी४ उघडेना, कारण या रुमालाची अनुक्रमणिका सर्व कागद लिहून झाल्यावर शेवटी लिहिली जाते, आणि तीवाचून आतील तासभराचे निर्दोष चित्रणही यंत्रास निव्वळ रद्दी. दुसऱ्या रात्री हळद, लग्न आणि वरात असे तीन भाग वेगवेगळे लावले. प्रत्येक चार गीगाबाइटांच्या आत बसला, त्यामुळे फॅट३२वाल्या शेजाऱ्यांचीही सोय झाली, आणि वीज पुन्हा गेली तरी एकाच भागाचे नुकसान होणार होते. ती गेली नाही.

तिसऱ्या रात्री पुन्हा सतरंजी अंथरली. या वेळी पडदा उजळला, सनईसह मंडपही दिसला, आणि पावणेतीन तास कोणी जागचे हलले नाही. संपल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एवढा उपद्व्याप केलात, पण माझ्या माहेरची माणसं एकदा तरी दिसली का हो?" मी आणि पुतण्याने तिन्ही भाग पुन्हा चाळले. खरोखरच दिसली नव्हती. शूटिंगवाल्याच्या संगणकावर न कापलेले मूळ चित्रण अजून शिल्लक आहे काय, हे विचारायला पुतण्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने पाचोऱ्यास गेला.