अनन्य निष्ठेची प्रार्थना

अफझलगंजच्या उस्मानिया दवाखान्यात आप्ताच्या खाटेशी बसून ख्रिस्ताचा धावा करणाऱ्याला प्रार्थना म्हणजे सरकारदरबारी गुदरलेला अर्ज वाटावा, हे स्वाभाविक आहे. परंतु मागणे नामंजूर झाले तरी जी ढळत नाही, ती निष्ठाच ख्रिस्ती धर्माला अभिप्रेत आहे. या निष्ठेचे उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला खरा, पण धर्माधिकाऱ्यांच्या हुकमतीपुढे आपली सदसद्विवेकबुद्धी कधी गहाण टाकली नाही. त्यांचे इमान एका ख्रिस्ताशीच होते. केडगावच्या आपल्या मुक्तिसदन आश्रमात, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींच्या अन्नवस्त्राची चिंता देवापुढे मांडून त्या विहिरी, शेती आणि छापखाना यांच्या उद्योगाला लागत. जोडलेले हात असे कामालाही जुंपणारी ही श्रद्धा मला फार थोर वाटते. १९०५ साली तेथे सामुदायिक प्रार्थनेला विलक्षण उधाण आले. बायबलच्या मराठी भाषांतराचे त्यांचे काम मात्र १९२२पर्यंत, अखेरच्या दिवसांतही चालूच होते.