एक मुलगी

निधनवार्ता आमच्या डेस्कवर सगळ्यात नवख्या उपसंपादकाकडे असायच्या. त्या वर्षी नवखा मी होतो. तालुक्याचे वार्ताहर व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी आणि पासपोर्ट फोटो पाठवत. साचा ठरलेला: नाव, वय, 'अल्पशा आजाराने', शेवटी 'त्यांच्या पश्चात'. साडेनऊला डाक आवृत्तीचं पान सोडायचं होतं आणि मजकूर एक ओळ जास्त होत होता. मी 'एक मुलगी, जावई' काढलं. मुलगे, सुना, नातवंडं राहिली. मुद्रितशोधकांनाही काही खटकलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पण जी मुलगी कागदावरच नाही, ती त्यांना कुठून दिसणार?

सकाळी दहाला फोन आला. "मी त्यांची मुलगी. शेवटचे आठ महिने ते माझ्याकडेच होते." पुढे ती काही बोलली नाही, मलाही बोलता येईना.

वेबसाइटवरची बातमी मी लगेच दुरुस्त केली. तीन शब्द टाकले, बटण दाबलं, झालं. छापलेल्या अंकाचं तसं नसतं. गठ्ठे पहाटेच एसटीने गेलेले, एव्हाना काही पानांत भजीही बांधली गेली असतील. तिथे दुरुस्ती म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या अंकात जागा मागायची, वृत्तसंपादकांसमोर उभं राहायचं, आपण काय कापलं ते सांगायचं. मग मजकूर ठरतो. त्यात 'नजरचुकीने' हा शब्द हमखास येतो, जणू नजर चुकली, माणूस नाही. मी तो लिहिला. वृत्तसंपादकांनी खोडला आणि 'आमच्याकडून' केलं.

जागा कोणती, यावरही घासाघीस झाली. चूक ठळक आणि दुरुस्ती कोपऱ्यात, ही आपल्याकडची जुनी खोड. इंग्रजी 'द हिंदू'ने २००६ मध्ये के. नारायणन यांना वाचक-संपादक नेमलं, वाचकांच्या तक्रारी ऐकणं हेच त्यांचं काम. आमच्याकडे ते काम फोन उचलेल त्याचं. शेवटी निधनवार्तांच्याच रकान्यात, सगळ्यात वर, चार ओळी मिळाल्या.

छापलेली चूक पुसता येत नाही, म्हणूनच ती कधीही सापडू शकते. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २० जानेवारी १८५३ च्या बातमीत गुलामगिरीतून सुटलेल्या सॉलोमन नॉर्थप यांचं आडनाव चुकवलं होतं, मजकुरात एका तऱ्हेने आणि मथळ्यात दुसऱ्या. 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' हा त्यांच्यावरचा चित्रपट ऑस्कर जिंकल्यावर कुणीतरी ते जुनं पान उघडून पाहिलं. ४ मार्च २०१४ रोजी, १६१ वर्षांनी, दुरुस्ती छापून आली. त्या काळी मजकूर गुपचूप बदलायची सोय असती, तर नाव केव्हाच नीट झालं असतं आणि ते चुकलं होतं याचा मागमूस राहिला नसता.

त्याच दिवशी दुपारी त्या बाईंचा पुन्हा फोन आला. मला वाटलं, आभार मानायला असेल.

"तुम्ही काय केलंत हे?" आवाज चढलेला होता. सकाळी भावाने कात्रणाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. त्यावर ती बोलली होती, थोडं जास्तच बोलली होती. मग कुणा चुलत्याने वेबसाइटची लिंक टाकून लिहिलं, 'आहे की मुलगी. पेपरवाल्यांना उगाच कशाला दोष?' आता सगळे तिलाच समजावत होते.

मी वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाकडे गेलो. म्हटलं, बातमीखाली एक ओळ टाक, सकाळी हा उल्लेख नव्हता, नंतर घातला. त्याने पडदा वरखाली केला. "सर, ही ओळ टाकू कुठे? असा रकानाच नाहीये." बातमीच्या माथ्यावर बारीक अक्षरात फक्त 'अपडेटेड : १०.४२' दिसत होतं.

मजकुराच्या शेवटी कंसात टाक, म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः कार्यालयात आल्या. दोन्ही दिवसांचे अंक मागितले, प्रत्येकी पाच. मी पैसे नको म्हणालो, तरी त्यांनी मोजून काउंटरवर ठेवले.